बागेंतील ओझें व हातगाडीची निवड

बागाईतीचा हिशेब लिहितांना आपण पाणी, खत, औषधें व बाजाराचें भाडें ह्यांचा खर्च मांडतों. परंतु बैलगाडी अगर ट्रॅक्टरची ट्रॉली बांधापाशीं उभी राहिल्यावर तेथून झाडाच्या बुंध्यापर्यंत जीं शेदोनशे पावलें उरतात, त्यांचा खर्च कोणाच्याहि वहींत सांपडत नाहीं. शेणखत, पोयट्याची माती, रोपें, छाटलेल्या फांद्या व तोडलेलीं फळें ह्या सर्वांचा प्रवास ह्याच पावलांनीं होतो, आणि तो बहुधा एखाद्या बाईच्या डोक्यावरून होतो. हें अंतर तोडतां येत नाहीं. मात्र त्यावरील ओझें चाकावर घालतां येतें. तें कोणत्या चाकावर घालावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतों. आमची बाग मोसंबीची, जमीन काळी, व एका अंगास थोडा भाजीपाला. कांहीं वर्षांपूर्वीं मीं शहरांतील एका दुकानांतून दोनचाकी लोखंडी हातगाडी आणली. पेटी प्रशस्त, रंग सुरेख, आणि दुकानाच्या फरशीवर ती एका बोटानें ढकलतां येत होती. त्या एका बोटालाच मी भुललों. घरीं आणून पाहतों तों गाडीची एकंदर रुंदी ९० सेंटिमीटर आणि कुंपणांतील वाट ८० सेंटिमीटर! एक खांब काढून ती आंत घेतली. दुसऱ्या दिवशीं पाणी दिलेल्या भागाच्या कडेला तिचीं लहानशीं चाकें आंसापर्यंत रुतलीं. आमच्याकडे अनेक वर्षें कामास येणाऱ्या एका बाईनें आपली पाटी पुन्हा उचलली व म्हणाली, "तात्या, ही गाडी वाड्याम्होरं फिरवा. रानात हिलाच डोक्यावर घ्याया लागंल."

लोहमार्गाच्या बांधकामावरील मजुरांस एकचाकी गाड्या दिल्या असतां त्यांनीं त्या भरून डोक्यावर घेतल्या, अशी एक जुनी गोष्ट आपल्याकडे हंसत सांगतात. ती घडलेली असो वा रचलेली असो, बाईच्या त्या बोलण्यानंतर मला तिचें हंसूं येईनासें झालें. ज्या वाटेवर चाक चालत नाहीं, तेथें मजुरानें डोकें पुढें केलें तर त्यांत अडाणीपणा कसला? चूक गाडी निवडणाराची असते. गाडी मालाकडे पाहून घेऊं नये. ती वाटेकडे व ढकलणाऱ्या माणसाकडे पाहून घ्यावी. पुढील सर्व विवेचन ह्या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

खेपांचा हिशेब

एक टन शेणखत १०० मीटर आंत न्यावयाचें आहे असें धरूं. २० किलोंचें घमेलें घेतल्यास ५० खेपा होतात, म्हणजे जातां-येतां मिळून १० किलोमीटरांची चाल पडते. आणि त्यांपैकीं निम्मी ओझ्यानिशीं. हेंच खत ६० किलोंच्या हिशेबानें गाडींतून नेल्यास १७ खेपा व सुमारें साडेतीन किलोमीटरांची चाल होते. डोक्यावरून उतरलेल्या भाराची गोष्ट तर वेगळीच. मानेचें व कमरेचें दुखणें आपल्या हजेरीपटावर लिहिलेलें नसतें, पण तें कोणीतरी घरीं घेऊन जातच असतें.

येथें मी मुद्दामच ६० किलो धरले आहेत. पेटींत मावेल तेवढें भरणें, ही दुसरी मोठी चूक होय. ८५ लिटरांची पेटी कुजलेल्या शेणखतानें भरली तर वजन साधारणतः ५०-६० किलो होतें. तीच ओल्या वाळूनें भरली तर १४० किलोंच्या आसपास जातें. पेटी एकच, परंतु माणसाच्या हाताला ती एक राहत नाहीं.

एक चाक कीं दोन?

चीनमध्यें हान राजवटीच्या काळांतील, म्हणजे सुमारें १८०० वर्षांपूर्वींच्या, कोरीव शिल्पांत एकचाकी गाडी दिसते. त्या देशांत पुढें जी गाडी रूढ झाली तिच्यांत एक मोठें चाक मधोमध असून माल त्याच्या दोन्ही अंगांस रचीत. त्यामुळें बहुतेक भार चाकावरच पडे. युरोपांत मध्ययुगांत प्रचारांत आलेल्या गाडींत चाक अगदीं पुढें असतें, व भार चाक आणि हात ह्यांमध्यें वांटला जातो. आपल्या बाजारांत मिळते ती बहुतेक ही दुसरी.

हिची तरफ समजून घेणें अवघड नाहीं. आंसापासून मुठीपर्यंत १३० सेंटिमीटर अंतर आहे, व ८० किलो मालाचा मध्य आंसापासून ४० सेंटिमीटरांवर आहे, असें समजा. तर दोन्ही हातांवर मिळून सुमारें २५ किलो भार येईल. तोच माल मागें सरकून त्याचा मध्य ६० सेंटिमीटरांवर गेला, कीं हातांवर ३७ किलो येतील. म्हणून माल नेहमीं चाकाकडे भरावा; आणि गाडी घेतांनाहि पेटी चाकाच्या जितकी जवळ व कांहीं अंशीं वर असेल तितकी ती चांगली समजावी.

एकचाकी गाडीचा गुण असा कीं, तिला चाकापुरतीच वाट लागते. बांधावरून, वाफ्यांमधून अगर पाटावर टाकलेल्या एका फळीवरून ती जाते, आणि दांडे उचलले कीं माल पुढें अगर बाजूस ओततां येतो. दोष असा कीं तोल माणसानें सांभाळावयाचा. दमलेल्या माणसाच्या हातून ती कलंडते. दोनचाकी गाडी तोल स्वतः सांभाळते व भार नीट रचल्यास हातांवर कांहींच येऊं देत नाहीं. परंतु तिला दोन चाकोऱ्यांची सपाट वाट पाहिजे. वाट एका अंगास कलती असेल तर तीहि कलते.

फळांसाठीं मात्र दोनचाकी सपाट पाटाचीच गाडी घ्यावी. फळांचें प्लॅस्टिकचें क्रेट भरल्यावर सुमारें २० किलोंचें होतें. उतरत्या पेटींत तें नीट बसत नाहीं, आणि गचके बसून फळास मार लागतो. सपाट पाटावर चार क्रेट शेजारीं-शेजारीं राहिलीं म्हणजे एका खेपेस ८० किलो फळ निर्धास्त निघतें. मोठ्या बागाइतदारानें खतमातीस एकचाकी व तोडणीस दोनचाकी अशा दोन गाड्या ठेवाव्या. लहानानें आधीं एकचाकी घ्यावी.

चाक

गाडीचा जीव चाकांत असतो. लहान चाक खड्ड्यांत उतरतें व ढेकळास अडतें. मोठें चाक तेंच ओलांडून जातें. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटरांपेक्षां व पाऊल १० सेंटिमीटरांपेक्षां कमी नसावें. काळ्या जमिनींत अरुंद लोखंडी धांवेचें चाक सुरीसारखें कापीत जातें. हवेचा टायर पसरट टेकतो, आणि हवा किंचित् कमी ठेवल्यास रुतण्याचें प्रमाण आणखी घटतें. कठीण वाटेवर मात्र हवा पुरी असावी.

हवेच्या टायरास आपल्या देशावरील शत्रु म्हणजे बाभळीचा कांटा. बाग बाभळीच्या कुंपणाची असेल तर भरीव रबराचें चाक पत्करावें; तें जड व गचके देणारें असलें तरी तोडणीच्या ऐन दिवशीं पंक्चर काढीत बसावें लागत नाहीं. तुंब्यांत बेअरिंग आहे कीं नुसती नळी आहे, हें चाक उचलून फिरवून पाहावें. नुसत्या नळीचें चाकहि चालतें. पण त्यास वंगण द्यावयास कोणी विसरतां कामा नये.

गांवच्या लोहाराकडूनहि गाडी करून घेतां येते. जुन्या स्कूटरचें चाक ह्या कामास उत्तम. त्याचा व्यास ४३ सेंटिमीटरांच्या सुमारास भरतो. सायकलचें चाक एकचाकी गाडीस घालूं नये. गाडी कलतांच बाजूचा ताण आऱ्यांस सोसत नाहीं व चाक वाकडें होतें.

पेटी व दांडे

शेणखत, रासायनिक खत व ओल हीं तिन्ही लोखंड खातात. साधा पत्रा रंगवलेला असला तरी रंग खरवडला कीं गंजूं लागतो. जस्ताचा थर दिलेला पत्रा अधिक टिकतो. प्लॅस्टिकची पेटी हलकी व न गंजणारी खरी, परंतु दगड टाकल्यास व उन्हांत पडून राहिल्यास ती तडकते. कोणतीहि असो, खत वाहिल्यावर ती धुवावी व पाणी न सांचेल अशी उभी करून ठेवावी.

दांड्यांकडे खरेदीच्या वेळीं कोणीच पाहत नाहीं. हात सरळ खालीं सोडून, गुडघे किंचित् वांकवून मुठी धरतां याव्या, व उभें राहिल्यावर गाडीचे पाय जमिनीपासून सुटावे. पाठ वांकवावी लागूं नये. उंच पुरुषाच्या मापाची गाडी ठेंगण्या बाईच्या हातीं दिली, कीं गाडीचे पाय प्रत्येक ढेकळास अडतात, व दोष बाईच्या ताकदीस दिला जातो. म्हणून जी व्यक्ति गाडी ढकलणार, तिला दुकानांत बरोबर न्यावें. हा सल्ला कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु बैल घेतांना आपण जूं लावून पाहतोंच कीं नाहीं?

वाट

गाडीपूर्वीं वाट करावी. बागेच्या मुख्य रांगेंतून ६० सेंटिमीटर रुंदीची मुरमाची पट्टी दाबून घेतली, तर एकचाकी गाडीस तेवढी पुरे. चढ शक्य तितका कमी ठेवावा. दहा फुटांस एक फूट चढ असेल, तर गाडीसह १०० किलोंस वर चढवितांना एरवींच्या जोरापेक्षां १० किलोंचा जोर अधिक लागतो. ठिबकच्या नळ्या जेथें वाटेस आडव्या येतात, तेथें ओलांडण्याची एकच जागा ठरवून नळी मुरमाखालीं अगर जाड नळकांड्यांतून न्यावी. पाणी दिलेल्या वा पाऊस झालेल्या काळ्या रानांत वाफसा येईपर्यंत गाडी घालूं नये. गाडीहि रुतते व जमीनहि दबते.

कोंकणांत जेथें आंबा-नारळाच्या बागा जांभ्या दगडाच्या पायऱ्यांनीं उतरत जातात, तेथें चाकाचा आग्रह धरूं नये. तेथें कावडच बरी. चाकानें तेथें फक्त सपाट टप्प्यापुरतें काम घ्यावें.

खरेदीपूर्वीं

घरून निघण्याआधीं बागेंतील सर्वांत अरुंद जागा मोजावी, व गाडीची एकंदर रुंदी तिच्यापेक्षां निदान १५ सेंटिमीटर कमी आहे कीं नाहीं तें पाहावें. दुकानांतील फरशीवर रिकामी गाडी ढकलून कांहींच कळत नाहीं. ४० किलोंचीं दोन पोतीं घालून ती मातीवर चालवावी, वळवावी, ओतून पाहावी. शेजाऱ्याकडे तशी गाडी असल्यास एक दिवस मागून आणावी व आपल्याच बांधावरून फिरवावी. ह्याहून खात्रीची परीक्षा नाहीं.

आमची ती दोनचाकी गाडी वायां गेली नाहीं. मुरमाची वाट केल्यावर पेटी काढून तिजवर सपाट पाट बसविला व मोठीं चाकें घातलीं. आतां ती तोडणीच्या दिवसांत वाटेच्या कडेला क्रेट वाहते. खतासाठीं एकचाकी गाडी लोहाराकडून करवून घेतली. दांड्यांचें माप देण्यास ती बाई स्वतः आली होती, व दांडे दोन बोटें आंखूड करण्यास तिनेंच सांगितलें. पाटी अजून खोपींत टांगलेली आहे. पाऊस पडून वाफसा येईपर्यंत ती लागतेच. ज्या बागाइतदारांनीं अशी गाडी अद्याप घेतली नसेल, त्यांनीं यंदाच्या खत भरण्याच्या हंगामापूर्वीं हातांत टेप घेऊन एकदां आपल्या बागेंतून फिरून यावें, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.