डहाणूचे दोन वारे

डिसेंबरातली सकाळ. डहाणू रोडला उतरून किनाऱ्याकडे निघालो, तर हवेत धुराचा वास. कुठे चुलीचा, कुठे जाळलेल्या पाल्याचा. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र होता, पण वारा त्याच्याकडून येत नव्हता, पूर्वेच्या डोंगरांकडून येऊन समुद्रावर चालला होता. दुपारी त्याच वाटेवर हवा धुतल्यासारखी लागली. खारे आणि मतलई वारे आपण भूगोलात पाठ केले होते. डहाणूत ते नाकाला कळतात.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. दिवसा जमीन तापली की तो उलटतो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो. मग महालक्ष्मीच्या सुळक्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या चुली, वीटभट्ट्या, महामार्गावरचे ट्रक यांचा सगळा धूर खालीच कोंडून राहतो. उन्हं चढली की झाकण उघडतं. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. नैऋत्येचा वारा आणि सरी मिळून चिकूच्या पानांवरची वर्षाची धूळ उतरवतात.

हे सगळं मला नीट समजलं ते मांगेला मच्छीमारांच्या वस्तीतल्या एका मावशींकडून. बांबूच्या वलांडीवर त्या बोंबील घालत होत्या. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी काठीवर टाकायची. हात थांबत नव्हते, नजर बोंबलांवर नव्हतीच. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, ते उन्हाने नाही, वाऱ्याने सुकतं, असं त्यांचं म्हणणं. डोंगराचा वारा कोरडा, त्यात दोन-तीन दिवसांत माल कडकडीत होतो. दर्याचा वारा ओला, तो जास्त वेळ लागला तर बोंबील चिवट राहतो, मळभ आलं तर किडेही पडतात. पण डोंगराच्या वाऱ्याबरोबर कधी धूर येतो, कधी काजळी. एक सुका बोंबील त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि बोट फिरवायला सांगितलं. बोटाला करडा पुसट डाग लागला.

इथल्या हवेचा बाकीचा इतिहास वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, भोवतीच्या पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात उद्योगांवर बंधनं आणली. तरी खाडीकाठी ५०० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र उभं राहिलंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. चिमणीतला गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारं यंत्र बसायला मात्र २००७ उजाडलं. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये तालुक्यातल्याच वाढवणचं नियोजित बंदर नाकारलं होतं. २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. बंदराला लागणारा दगड, त्याची धूळ, त्याचे ट्रक कुठल्या वाऱ्याला लागतील, हे आज विचारायला हवं.

कारण इथे वाऱ्यालाही एक बाजू आहे. शनिवार-रविवारी येणारा पाहुणा दुपारी वाळूवर बसतो, समुद्राचा वारा छातीभर घेतो आणि डहाणूची हवा किती छान म्हणून परततो. तो खरंच सांगतो. पण तो बसलेला असतो वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्याच वेळी गावाची, खाडीची सगळी हवा पूर्वेकडे, चिकूच्या वाड्यांवरून वारल्यांच्या पाड्यांकडे सरकत असते. फळधारणा कमी झाल्याची बागायतदारांची तक्रार जुनी आहे, तिला निदान बागायतदारांचा आवाज होता. पाड्यांवरची माणसं हवेबद्दल काय म्हणतात, हे विचारायला फारसं कुणी गेलेलं नाही. मीही गेलो नाही, दिवस किनाऱ्यावरच संपला. हवा मोजायची तर आधी त्यांच्या अंगणात मोजावी, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी दोनच्या सुमाराला मावशींनी मान वर केली. मला वाटलं, समुद्राकडे बघतील. त्यांनी पाहिलं वीजकेंद्राच्या चिमणीकडे. इतका वेळ पाण्यावर कललेली पांढुरकी रेघ उभी झाली होती आणि हळूहळू पूर्वेला, गंभीरगडाच्या दिशेला वळत होती. "फिरला," त्या म्हणाल्या आणि सुकलेल्या जोड्या भराभर उतरवून ताडपत्रीखाली घालू लागल्या.