माहेरचं बी, सासरची माती

मी शाळेत भूगोल शिकवते. पूर्ण वेळ नाही, दुपारचे तीनच तास. सातवीच्या मुलांकडून दरवर्षी महाराष्ट्राच्या पावसाचा नकाशा काढून घेते. किनारपट्टी गडद निळी, मग सह्याद्रीची रेघ आणि तिच्या पलीकडे पर्जन्यछायेचा फिकट पट्टा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापूरला हजारसुद्धा नाही. हे सगळं मी फळ्यावर लिहीत होते आणि घरी येऊन मात्र सोलापूरच्या परसात रत्नागिरीच्या आईच्या पंचांगाप्रमाणे बी पेरत होते! आहे की नाही शहाणपण?

लग्न होऊन मी २०१३ साली इथे आले. निघताना आईने साड्या-भांड्यांबरोबर एक पुरचुंडी दिली होती. त्यात आमच्या घरच्या पडवळाचं बी होतं. आमच्या मागीलदारी मांडवावर हातभर लांब, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची पडवळं लोंबायची. ती वाकडी होऊ नयेत म्हणून टोकाला सुतळीने दगड बांधायचं काम आम्हा मुलांकडे असे. मृगाचा पाऊस पडला की आई बी लावायची. मीही पहिल्या वर्षी सात जूनला, एक सर पडली तशी, मूठभर बी लावून मोकळी झाले.

पुढे काय झालं ते इकडच्या बायकांना सांगायला नको. पाऊस जो गेला तो तीन आठवडे फिरकलाच नाही. काळी माती वाळून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि कोवळी मुळं त्या भेगांत तुटली. दोन वेल जगले, तर सप्टेंबरच्या पावसात त्यांच्या बुडाशी चार दिवस पाणी साचून तेही कुजले. आईला फोन केला. ती हसली आणि दुसरी पुरचुंडी पाठवली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोष मी कधी पावसाला दिला, कधी मातीला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, इथे इथलं लाव." मला ते थोडं लागलंही. वाटलं, माझ्या माहेरचं काही इथे नकोच आहे.

२०१८ मध्ये आई गेली. भावाने जुनं घर पाडून नवं बांधलं, मागीलदारी गाडी ठेवायला जागा केली. त्याचंही चूक नाही, पण मांडव गेला. घरी येऊन डबा उघडून पाहिला, तर पुरचुंडीत नऊ बिया उरल्या होत्या. आता पुन्हा मागायला कोणी नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा शेजारच्या अक्कांकडे गेले. त्यांचं घर तेलुगू, विणकरांचं. त्यांच्या अंगणात चार पत्र्याच्या डब्यांत आणि एका वाफ्यात बारा महिने काही ना काही हिरवं असतं. अंबाडी तर इतकी, की गल्लीभर वाटतात. (त्या तिला गोंगुरा म्हणतात.) मी सगळी हकीकत सांगितली. अक्का म्हणाल्या, "मिरगाचं काय धरून बसलीस गं? हितला पाऊस उत्तरा-हस्ताचा. आधी माती बघ, मग बी काढ."

एकाच औषधाचे दोन गुण

मैत्रिणींनो, इथेच माझा भूगोल मला खऱ्या अर्थाने कळला. कोकणात जांभ्याची लाल माती. धो धो पावसाने तिच्यातला चुना आणि क्षार वाहून जातात, म्हणून ती आम्लधर्मी होते. आई बंबातली राख झाडांच्या बुडाशी टाकायची, ते तिथे अगदी बरोबर होतं, कारण राखेने आंबटपणा कमी होतो. मी इथे तसंच केलं आणि गुलाब पिवळा पडला. सोलापूरच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच जास्त, पाऊस कमी म्हणून ती धुतली जात नाही. त्यात मी वरून राख घातली! अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी खूण दिसली की समजावं. जास्वंद, गुलाब आणि अबोली यांच्यावर ती लवकर दिसते.

उपाय सोपा आहे. राख बंद करावी. कुंडीत निम्मं जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत घालावं. शेतीच्या दुकानात हिराकस मिळतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावं. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. फरशीवर मात्र सांडू देऊ नका, तांबूस डाग जाता जात नाहीत.

दुसरी गोष्ट वाफ्याची. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. तिला वाळू नको, सेंद्रिय खत हवं. उन्हाळ्यात झाडाभोवती खोलगट आळं करावं म्हणजे पाणी टिकतं, पण पावसाळी भाजी वीतभर उंच गादीवाफ्यावरच लावावी. आणि उघडी जमीन ठेवूच नये. आमच्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, त्याचा चार बोटं थर पसरते. भेगा पडणं थांबलं आणि पाणी पूर्वीच्या निम्मं पुरतं.

पाण्याचं गणित

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. घरात पाणी भरून ठेवायचं आणि झाडांना ओतायचं, हे कुणाच्या जिवाला पटेल? म्हणून भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत ठेवते. साबणाचं पाणी भाजीला घालत नाही. वेलाच्या शेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं कच्च्या मातीचं मडकं हा तर माझा जीव की प्राण! भरून झाकण ठेवायचं, ते हळूहळू पाझरतं आणि मुळं आपली त्याच्याकडे वळतात. मडकं जुनं झालं, छिद्रं क्षारांनी बुजली, की बदलावं. बोअरच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर येत असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून चांगल्या निथळू द्याव्यात.

मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी बांधावी. टोमॅटोला पस्तिशीच्या वर पारा गेला की फुलं येतात आणि गळतात, खत घालून काही होत नाही. कोथिंबीर चार पानं देऊन फुलावर जाते. अशा वेळी त्यांच्या मागे लागण्यापेक्षा गवार, भेंडी, अंबाडी, तांदुळजा घ्यावा. ही मंडळी उन्हाला भीत नाहीत. मेथी, पालक, मुळा, गाजर, टोमॅटो यांचा काळ दसरा-दिवाळीनंतरचा.

फुलांचंही तसंच. सोनटक्का मी तीनदा लावला, तिन्ही वेळा एप्रिलमध्ये त्याची पानं करपली. सोडला नाद. त्याऐवजी निशिगंध, मोगरा, सदाफुली आणि कण्हेर इथे सुखाने राहतात. शेवंतीचे शेंडे पावसाळ्यात खुडत गेलं की झाड भरगच्च होतं, मग दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतात. घरच्या जुन्या वालाचंही असंच असतं. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, बरेच जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. म्हणून "नुसता माजलाय" म्हणून वेल उपटू नका, थोडा धीर धरा.

नऊ बियांची गोष्ट

आता पडवळाकडे येते. अक्कांनी पहिला नियम घालून दिला, सगळं बी एकदम मातीत घालायचं नाही. तीन बिया जुलैअखेर, तीन फेब्रुवारीत, तीन डब्यात. पडवळाच्या बीचं कवच टणक असतं म्हणून दिवसभर पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. तिघींपैकी दोन रुजल्या. एक गोगलगायीने खाल्ली. उरली एक!

तिला गादीवाफ्यावर, मडक्याच्या शेजारी लावलं. सप्टेंबरअखेर फूल आलं. पडवळाची पांढरी, झालरीची फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग रात्री त्यांच्यावर येतात. शहरात दिव्यांच्या झगमगाटात पतंग येतील न येतील, म्हणून मी दिवेलागणीला स्वतःच जाऊन नर फुलाचे पराग मादी फुलाला लावले. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे सुईएवढं पडवळ आधीच असतं. एकूण सात पडवळं आली. माहेरच्यापेक्षा आखूड, पण पट्टे तेच. पाच आम्ही खाल्ली, सगळ्यात आधी धरलेली आणि सरळ वाढलेली दोन वेलावरच पिकू दिली. पिकून नारिंगी झाल्यावर आतला लाल गर धुऊन बी सावलीत वाळवलं.

फेब्रुवारीच्या तिन्ही बिया रुजल्या, पण एप्रिलच्या उन्हात नुसती नर फुलं आली, फळ एकही नाही. त्या तीन बिया गेल्या याचं वाईट वाटलं, पण उन्हाळा इथे पडवळाचा नाही हे पक्कं समजलं. तेव्हापासून दरवर्षी जुलैअखेरचीच लावणी करते, आणि बी इथल्या चांगल्या वेलाचंच धरते. आता वेल पूर्वीपेक्षा भरवशाने धरतो. जवळपास दुसऱ्या जातीचं पडवळ मात्र लावत नाही, नाहीतर बी मिसळतं.

तुमच्या गावाचं काय?

तुम्ही सोलापूरला नसाल, तर माझ्या तारखा उचलू नका! नागपूरकडे मे महिना आमच्याहून कडक, पण थंडी खरी, तिथे मटार आणि फुलकोबी आमच्यापेक्षा छान होते. मुंबईच्या गॅलरीत उन्हापेक्षा दमटपणाचा त्रास, तिथे पानांवर भुरी येते, म्हणून कुंड्या दाटीने ठेवू नयेत आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावं. कोकणात पावसाळ्यात पाणी वाहून जाईल असा उंचवटा हवा आणि थोडी राख चालते.

बियाण्यासाठीही आपल्या भागाचं दार ठोठावावं. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. चारही १९६८ ते १९७२ या काळात निघाली, आणि प्रत्येकाने आपापल्या हवामानाचे वाण काढले आहेत. 'परभणी क्रांती' ही भेंडी पानं पिवळी पडण्याच्या केवडा रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजली, 'कोकण तारा' हे कारलं दापोलीचं. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली तर माहिती मिळते. संकरित बियाणं घेतलंत तर त्याच्या फळाचं बी पुढे धरू नका, ते तसंच उतरत नाही. जुनं गावठी बी मात्र जपा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या अंगणात गावठी बियाणं जपायला सुरुवात केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला पदक नको, पण एक डबा तर ठेवता येईल!

एक वही करा. पहिला पाऊस कधी, मोठा पाऊस कधी, स्वेटर कधी निघाले, काय पेरलं, काय गेलं, सगळं त्यात लिहा. तीन वर्षांत तुमच्या अंगणाचं पंचांग तयार होईल. आणि शेजारच्या अक्कांना विचारायला माझ्यासारखी पाच वर्षं लावू नका.

गेल्या कार्तिकात पडवळाची भाजी केली. हरभऱ्याची डाळ घातली, ओलं खोबरं आईच्या पद्धतीने आणि शेंगदाण्याचं कूट सासूबाईंच्या. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, "यंदा बी थोडं जास्त धर हो. माझ्या भाचीला पंढरपूरला हवंय."