राजुऱ्याचे ६,८६१ अर्ज

मतदान यंत्राचा वाद निघाला की चर्चा आतल्या चिपपाशीच अडकते. निवडणुकीचा भरवसा मात्र ठरतो तो यंत्र कोणाच्या हातातून गेले, त्याचा कागद कोणाकडे राहिला आणि यादीत नाव कसे चढले यावर. गडचिरोली-चिमूरमध्ये १९ एप्रिल २०२४ ला लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा दुर्गम केंद्रांची पथके हेलिकॉप्टरने नेली, पुढची वाट पायी. आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरीत मतदान दुपारी तीनलाच थांबवले. एवढ्या प्रवासात यंत्राची राखण कागदच करतो. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल होतो, ती मते पुसून कंट्रोल युनिटला सील लागते. संध्याकाळी केंद्राध्यक्ष ‘क्लोज’चे बटण दाबून एकूण मतांचा आकडा नमुना १७-सी मध्ये लिहितो आणि हजर प्रतिनिधींना त्याची प्रत देतो. मोजणीच्या टेबलावर हाच आकडा जुळवायचा असतो. पण जंगलातल्या केंद्रावर प्रत घ्यायला कोणी नसेल, तर जुळवणार कशाशी? प्रतिनिधी न नेमणाऱ्या पक्षांनी यंत्रावर बोट ठेवण्याआधी याचे उत्तर द्यावे.

मग मतपत्रिकाच बऱ्या, असे अनेकजण कळकळीने म्हणतात. सामान्य नागरिकाला तपासता येत नाही म्हणून जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तिथल्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. तो निकष मला पटतो. पण आपल्या यंत्राला व्हीव्हीपॅट आहे, दिलेल्या मताची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत जपली जाते. मतपत्रिकांच्या पेट्याही त्याच जंगलातून आणाव्या लागतील. शिवाय यंत्र मिनिटाला चारपेक्षा जास्त मते घेत नाही, हा लगाम पेटीला नसतो. उणीव आहे ती पडताळणीत. विधानसभा क्षेत्रामागे पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. निकाल अटीतटीचा असेल तिथे त्या जास्त मोजाव्यात.

यंत्रात फेरफार करायला त्याच्यापर्यंत पोचावे लागते. यादीला ती अडचण नाही, अर्ज घरबसल्या करता येतो. विधानसभा निवडणुकीआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात नव्या नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले. पडताळणीत ६,८६१ अवैध ठरले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. राहुल गांधींनी सप्टेंबर २०२५ मध्ये इथे ६,८५० बनावट नावे घुसवल्याचा आरोप केला. निवडणूक आयोगाच्या म्हणण्यानुसार अर्ज वेळीच फेटाळले गेले. इथला निकाल लागला ३,०५४ मतांच्या फरकाने. बोगस अर्ज अडले, म्हणजे व्यवस्था चालली, असे कोणी म्हणेल. आयोगाचे म्हणणे मान्य केले तरी अर्ज कोणी भरले हे कळल्याशिवाय प्रकरण मिटत नाही. तपासातून ते लोकांपुढे आले पाहिजे, आणि शेवटच्या आठवड्यांत चढलेल्या नावांचे गावोगावी चावडीवाचन मतदानाआधीच झाले पाहिजे.