पेट्रोल जातं ब्रेकमध्ये

शोरूममधल्या माहितीपत्रकावर ठळक छापलेलं असतं : लिटरला २४ किलोमीटर. गाडी घरी येते, पहिलं सर्व्हिसिंग होतं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये खरा आकडा बाहेर पडतो. ‘शहरात पंधरा, हायवेला अठरा-एकोणीस.’ मग कोणी कंपनीला बोल लावतं, कोणी पंपवाल्यावर संशय घेतं, कोणी इथेनॉलच्या नावानं बोटं मोडतं. यातल्या काहींच्या पदरात थोडाफार दोष पडतोही. पण ऊर्जेचा हिशेब मांडला, तर शहरात चालणाऱ्या छोट्या गाडीची ड्रायव्हरला स्वतः थांबवता येईल अशी सर्वांत मोठी गळती सापडते ती त्याच्याच उजव्या पायाखाली, मधल्या पेडलवर.

टेकडीवरचा आकडा

माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो. तो ज्या परिस्थितीत मोजला जातो, ती परिस्थिती आपल्या वाट्याला येत नाही, एवढंच. १९६६ मध्ये स्थापन झालेली आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेली ‘एआरएआय’ ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था किंवा तिच्यासारख्या इतर संस्था हा आकडा प्रमाणित करतात. गाडी रस्त्यावर नेली जात नाही, तिची चाकं रोलरवर फिरवली जातात. ठरलेल्या आराखड्यानुसार वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. हा सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहूनही थोडा कमी. त्यात गाडी १०.६ किलोमीटर ‘धावते’, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो आणि कमाल वेग ९०. एसी बंद असतो.

त्या आराखड्याच्या शहरी भागात शून्यावरून ५० चा वेग गाठायला २६ सेकंद दिलेले आहेत. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटल्यावर कोणी २६ सेकंद घेतले, तर मागचा रिक्षावाला त्याची वंशावळ काढील. दोन गाड्यांची तुलना करायला ही चाचणी चोख आहे. आपल्या गाडीनं घर ते ऑफिस किती द्यावं, हे मात्र तिच्यावरून ठरत नाही.

एका ब्रेकची किंमत

एक लिटरचं, साधारण ६५ अश्वशक्तीचं इंजिन असलेली छोटी गाडी घेऊ. आत दोन माणसं बसली की वजन भरतं ९५० किलोच्या घरात. सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या स्थिर वेगानं ही गाडी चालवायला चाकांपाशी किती ताकद लागते? टायरचं घर्षण आणि हवेचा अडसर जमेस धरून फक्त साडेतीन-चार अश्वशक्ती. बाकीची साठेक अश्वशक्ती निवांत बसलेली असते. म्हणजे गाडी चालत ठेवणं स्वस्त आहे, महाग आहे ते तिला पुन्हा पुन्हा चालतं करणं.

५० च्या वेगानं जाणाऱ्या या गाडीत सुमारे ९२ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ती सगळी डिस्क आणि ड्रमच्या उष्णतेत जाते. तेवढी गती परत मिळवायला इंजिनला किती पेट्रोल जाळावं लागेल? पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग सायलेन्सर आणि रेडिएटरमधून वाया जातो, जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे ९२ किलोज्यूलसाठी ३६८ किलोज्यूल जाळावे लागतात. आज पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल असतात. भागाकार केला की उत्तर येतं १२ मिलीलिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे असताना हा एक ब्रेक सव्वा रुपयाला पडतो. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी तेवढ्या पेट्रोलमध्ये २४० मीटर गेली असती.

आता हाच हिशेब गतिरोधकांना लावू. शहरातला एखादा आतला रस्ता, दर दोनशे मीटरला एक गतिरोधक. पुष्कळ जण मधल्या मोकळ्या पट्ट्यात ४० पर्यंत गाडी पळवतात आणि गतिरोधकापाशी १० वर आणतात. असा प्रत्येक गतिरोधक सात मिलीलिटर पेट्रोल खातो. तीच गाडी मधल्या पट्ट्यात २५ च्या पुढे नेली नाही, तर गतिरोधकामागे अडीच मिलीलिटरच जातात, जवळजवळ तिसरा हिस्सा. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पळवून वाचतात ते प्रत्येक पट्ट्यात फार तर पाच-दहा सेकंद.

सिग्नलचंही तेच. पुढे लाल दिवा दिसतोय, तरी त्याच्यापर्यंत जोरात जाऊन कचकन थांबणारा ड्रायव्हर आणि शंभर-दीडशे मीटर आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडून सावकाश पोहोचणारा, दोघं एकाच हिरव्या दिव्याला सुटतात. फरक एवढाच, की दुसऱ्याची गाडी पुष्कळदा थांबलेलीच नसते, १५-२० च्या वेगात सरकत असते आणि ती गती त्याला पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. त्यासाठी पुढच्या गाडीपासून अंतर राखावं लागतं. पुढच्याच्या बंपरला चिकटून चालवणाऱ्याला त्यानं मारलेला प्रत्येक ब्रेक मारावाच लागतो, गरज असो वा नसो.

थांबल्यावर इंजिन चालू ठेवायचं का? छोटं इंजिन नुसतं सुरू राहिलं तर तासाला अर्धा लिटर जाळतं असं धरलं, तर दीड मिनिटाच्या सिग्नलला साडेबारा मिलीलिटर होतात. म्हणजे ५० वरून मारलेल्या एका ब्रेकइतकेच. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल, तर किल्ली फिरवणं फायद्याचं.

गिअर वरचा, पाय हलका नाही

मायलेजसाठी अगदी मुंगीच्या पावलांनी वेग वाढवावा, असा समज आहे. भौतिकशास्त्र तसं म्हणत नाही. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याच्या मार्गावर थ्रॉटलची झडप असते. आपण अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबतो तेव्हा ती जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनला अर्धवट दाबलेल्या नाकानं श्वास घ्यावा तशी धडपड करत हवा ओढावी लागते. या ओढाओढीत ताकद वाया जाते. इंजिन जितकं जास्त फिरेल, तितकी आतल्या घर्षणाचीही भर पडते. म्हणून खालच्या गिअरमध्ये, साडेतीन हजार आरपीएमवर, हलक्या पायानं चालवलेली गाडी सर्वांत वाईट अ‍ॅव्हरेज देते.

उलट दोन-अडीच हजार आरपीएमच्या दरम्यान वरचा गिअर टाकत, बेताचा दाब देत लवकर इच्छित वेगाला यावं आणि मग वरच्या गिअरमध्ये स्थिर राहावं, हे इंजिनाला मानवतं. मर्यादा इतकीच, की गाडी दबता कामा नये. चौथ्यात २५ च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरून धक्के देऊ लागली, तर तिला तिसरा हवा आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबणं हा गुन्हा नाही. दाबून लगेच ब्रेक मारणं हा खरा तोटा.

घाटात न्यूट्रल? नको

खंबाटकी किंवा बोर घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची आणि पेट्रोल वाचवायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण अजून पुष्कळांच्या हातात आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडं तथ्य होतं. इंजेक्शनच्या गाड्यांत हिशेब उलटा आहे. गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला, की गाडीतला संगणक इंजेक्टर बंदच करतो. उतारावर चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि पेट्रोलचा वापर शून्यावर येतो. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी असेल, तर ती अशा वेळी टोकाला जाऊन बसलेली दिसते. न्यूट्रल टाकलं, की इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहण्यासाठी पेट्रोल घ्यावंच लागतं. शिवाय इंजिनाचा आधार सुटल्यानं सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर कमी पकडतात. इंजिनच बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

याच घाटामुळे मुंबई-पुण्याच्या अ‍ॅव्हरेजवरून वादही होतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. आपल्या गाडीला तेवढं वर उचलायला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जादा लागतं. परतताना त्यातलं काही वसूल होतं, सगळं नाही. एकाच बाजूचा आकडा सांगून फुशारकी मारणाऱ्याला आधी कुठून कुठे गेला होतात, हे विचारावं.

द्रुतगती मार्गावर हवा आडवी येते

हायवेवर ब्रेकची जागा हवा घेते. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गानं वाढतो : ५० ला जितका, त्याच्या चौपट १०० ला. ८० ला आपल्या गाडीला नऊ अश्वशक्ती लागतात, १०० ला पंधरा. ८० किलोमीटरचा सपाट टप्पा १०० नं कापला तर ४८ मिनिटं, ८० नं कापला तर तासभर. बारा मिनिटांसाठी दर किलोमीटरला सुमारे एक तृतीयांश जास्त काम करावं लागतं. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ४५ ते ५५ च्या वेगाची शिफारस करते आणि ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त मायलेज मिळतं असं सांगते. द्रुतगती मार्गावर ५० नं जाणं धोक्याचं आहे, पण डाव्या बाजूनं ८० ला स्थिर राहणं सर्वांना जमण्यासारखं आहे. टपावरचा रिकामा कॅरिअर मात्र उतरवून ठेवावा. ट्रकच्या आडोशाला चिकटून हवा चुकवण्याचा उद्योग करू नये.

एसीचा प्रश्नही वेगाशी बांधलेला आहे. कॉम्प्रेसर दोन-तीन अश्वशक्ती सहज घेतो. रेंगाळत्या वाहतुकीत गाडी चालवायलाच तेवढी लागत असल्यानं त्याचा वाटा डोळ्यांत भरतो. हायवेवर तो जाणवत नाही आणि तिथे उघड्या काचाच हवेला अडवतात. म्हणून गल्लीत काच खाली, हायवेला काच वर. उन्हात तापलेल्या गाडीची दारं आधी मिनिटभर उघडी ठेवली, तर एसीचं काम हलकं होतं.

टायर, इथेनॉल आणि समजुती

टायरमधली हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात रबर जास्त वाकतं आणि ती ऊर्जा उष्णतेत जाते. हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तो थंड टायरचा आहे, तेव्हा हवा सकाळी जवळच्या पंपावर तपासावी. नायट्रोजनचं फार कौतुक नको, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. लांबून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघावा. एकच चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागलं, तर तिथला ब्रेक जाम होत असण्याची शक्यता आहे.

इथेनॉलची तक्रार मात्र निराधार नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. म्हणजे १८ ची गाडी १७ वर. १८ ची १३ वर आली असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हाही एक आवडता समज. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावतं आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्यानं तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. अलार्म लावण्याइतका फायदा त्यात नाही.

मोजावं कसं, वाचवावं कुठे

छोट्या गाडीची टाकी ३० लिटरच्या आसपास असते. पंपाचा नोझल आपोआप बंद होतो ती जागा दर वेळी थोडी वेगळी असते. आठ लिटर भरल्यावर एका लिटरची चूक झाली, तर अ‍ॅव्हरेज बारा टक्क्यांनी चुकतं. म्हणून टाकी फुल ते टाकी फुल, पहिल्या कटला थांबून, सलग तीन-चार वेळा मोजावं आणि एकूण किलोमीटरना एकूण लिटरनी भागावं.

हे मोजमाप हातात आलं, की ‘लिटरला किती’ या आकड्यातली एक गंमत दिसते. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज २० वरून २३ झालं, तर ७८ लिटर वाचतात. १५ वरून १८ झालं, तर १३३. वाढ दोन्हीकडे तीनचीच, पण बचत जवळपास पावणेदोन पट. जिथे अ‍ॅव्हरेज सर्वांत वाईट, तिथेच सुधारणेची सर्वांत जास्त किंमत वसूल होते. हायवेवर २२ चे २४ करण्यासाठी महागडं तेल आणि नाना उपकरणं घेणाऱ्यांनी आपलं लक्ष रोजच्या घर-ऑफिसच्या रस्त्याकडे वळवावं. त्या रस्त्यावरचे दहा अनावश्यक ब्रेक दररोज टळले, तर महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत तीन लिटर पेट्रोल टाकीतच राहतं. आणि भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत गाडी काढणाऱ्यांसाठी कुठलंच तंत्र नाही. इंजिन धड तापायच्या आत ती फेरी संपलेली असते, तेव्हा पिशवी घेऊन चालत गेलेलंच परवडतं.