झडपेमागची फट

मोटारसायकल सुरू करून जागेवरच चालू ठेवली, की कधी कधी एंजिनाच्या वरच्या भागातून ‘टिक् टिक् टिक्’ असा बारीक आवाज येऊ लागतो. मेकॅनिक क्षणभर कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, ‘‘टॅपेट वाजतंय, सेटिंग करावं लागेल.’’ मग एंजिनाचे वरचे झाकण काढून, पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा एक जुडगा घेऊन तो काही तरी मोजत बसतो. या जुडग्याला फिलर गेज म्हणतात आणि त्याने मोजायची असते एक फट. दाढीच्या पात्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. अशी एक ते तीन पाती एकावर एक ठेवल्यावर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढीच ही फट.

ही फट झिजेमुळे पडलेली नसते, एंजिन बनवणाऱ्याने ती मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यामुळे आवाज होतो, भाग एकमेकांवर आपटतात, झिजतात; तरीही ती ठेवावी लागते. का, ते आधी पाहू.

चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारी आणि जळलेले वायू बाहेर सोडणारी अशा निदान दोन झडपा असतात. झडपेचा आकार पावसाळी छत्रीसारखा: खाली गोल तबकडी आणि वर लांब दांडा. स्प्रिंग झडपेला वर ओढून तिच्या बैठकीवर घट्ट बसवते; कॅम नावाचे अंडाकृती चाक दांड्यावर दाब देऊन तिला उघडते. भुजादंडाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणजे एंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला १५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा उघडमिट करते.

बाहेर जाणारे वायू ज्या झडपेवरून जातात तिची, म्हणजे निष्कास झडपेची, तबकडी पेट्रोल एंजिनात ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. दांडाही तापतो आणि तापलेली धातू प्रसरण पावते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. हिशेब करू. दांड्याची लांबी १०० मिलिमीटर, पोलादाचा प्रसरण गुणांक अंशाला ०.००००१२ आणि दांड्याच्या तापमानातील सरासरी वाढ ३०० अंश धरा. तिन्हींचा गुणाकार ०.३६ मिलिमीटर येतो. पण घाई करू नका! ज्या ॲल्युमिनियमच्या डोक्यात ही झडप बसवलेली असते, तेही तापते. ते पाण्याने थंड ठेवलेले असल्याने समजा ८० अंशांनीच तापले. परंतु ॲल्युमिनियमचा गुणांक पोलादाच्या जवळजवळ दुप्पट, ०.००००२३ आहे. तेवढ्याच लांबीसाठी ही वाढ ०.१८ मिलिमीटर होते. दांडा ०.३६ ने वाढला, त्याच्या भोवतीचे घर ०.१८ ने. फरक उरला ०.१८ मिलिमीटरचा. थंड एंजिनात तेवढी फट सोडली नसेल, तर गरम झाल्यावर दांड्याला वाढायला जागाच राहणार नाही. कॅम त्याला वरून अडवील, आणि झडप बैठकीवरून किंचित उचललेलीच राहील.

‘किंचित’ उचललेली राहिली तर बिघडले कोठे, असे तुम्ही विचाराल. पहिले म्हणजे, सिलिंडरमधला दाब त्या चिरेतून निसटतो आणि एंजिनाचा जोर कमी होतो. पण खरे संकट दुसरेच आहे. तबकडीला मिळालेल्या उष्णतेपैकी सुमारे तीन चतुर्थांश उष्णता, झडप मिटलेली असताना बैठकीवाटे बाहेर जाते, उरलेली दांड्यावाटे. बैठकीचा स्पर्शच तुटला, तर तबकडी थंड व्हायची कशी? वर त्या बारीक चिरेतून ज्वाला सुसाट वेगाने बाहेर पडू लागते. थोड्याच दिवसांत तबकडीची कड करवतीने कापल्यासारखी जळून जाते.

आणि हे सगळे घडताना एंजिन मात्र शांत असते. फट नाही तर टिकटिक नाही! टॅपेटचा आवाज नको म्हणून जे हौशी लोक स्क्रू गच्च आवळून फट नाहीशी करतात, त्यांना हे कोणी तरी सांगायला हवे. फट थोडी जास्त असलेले एंजिन कुरकुरते. फट नसलेले एंजिन न कुरकुरता मरते. एकदा लावलेली फट कायम तेवढीच राहते असेही नाही. कॅम आणि तरफा झिजल्या की ती वाढते. झडपेची बैठक झिजून झडप वर सरकली की ती कमी होते. म्हणून ठरावीक किलोमीटरनंतर ती पुन्हा मोजावी लागते.

आता कल्पना करा, की या साखळीत असा एक भाग बसवला, जो फट दिसली की आपणहून लांब होईल, दांडा वाढून दाबू लागला की आपणहून आखूड होईल, पण कॅमने जोराने दाबले असता दगडासारखा ताठ राहील. मागण्या परस्परविरोधी वाटतात ना? दाबल्यावर आखूडही व्हायचे आणि ताठही राहायचे! पण ही करामत तेलाने साधली आहे. या भागाला हायड्रॉलिक टॅपेट म्हणतात. काही एंजिनांत तो तरफेच्या टोकाखाली बसतो, तेव्हा त्याला हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर म्हणतात. मोटारींत पुष्कळदा आढळणारा हा दुसरा प्रकार आपण पाहू.

एक छोटी तरफ आहे. तिचे एक टोक झडपेच्या दांड्यावर टेकलेले, मधोमध कॅम दाब देणारा, आणि दुसरे टोक एका गोल डोक्याच्या खुंटीवर, म्हणजे टेकूवर, बसलेले. भार आणि टेकू यांच्यामध्ये बल, म्हणजे ही तिसऱ्या प्रकारची तरफ झाली. आपले यंत्र म्हणजे हा टेकूच! तो पोकळ आहे. बाहेर एक पेला आणि त्यात तंतोतंत बसणारा दट्ट्या. दट्ट्याच्या तळाला एक भोक, भोकावर खालून दाबून बसवलेली बारीक गोळी. ही गोळी म्हणजे एकेरी झडप: दट्ट्यातले तेल खाली येऊ देते, परत वर जाऊ देत नाही. गोळीखाली, पेल्याच्या तळाशी, दोन-तीन मिलिमीटर उंचीची तेलाची कोठी आणि तिच्यात दट्ट्याला वर ढकलणारी नाजूक स्प्रिंग. एंजिनाचा वंगण तेलाचा पंप दट्ट्याच्या पोकळीत सतत तेल पुरवतो. एवढाच पसारा.

कॅमचा गोल भाग तरफेवरून जात असतो तेव्हा झडप मिटलेली असते आणि टेकूवर भार नसतो. कोठे फट असेल, तर नाजूक स्प्रिंग दट्ट्याला वर सारून ती भरून काढते. खाली कोठीत जागा वाढते, दाब घटतो, गोळी सुटते आणि वरचे तेल आत येते. ही स्प्रिंग आणि तेलाचा दाब मिळून झडपच उघडून टाकणार नाहीत का? नाही. ८ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर भरते. तीन वातावरणांइतका तेलाचा दाब त्यावर जेमतेम १५ न्यूटन बल लावतो. स्प्रिंगचे बल त्याच मापाचे. झडपेच्या स्प्रिंगपुढे यांचे काही चालत नाही.

आता कॅमचा उंचवटा आला. तरफ दाबली गेली, दट्ट्या खाली जाऊ पाहतो. तत्क्षणी गोळी भोक बंद करते आणि तेल कोठीत कोंडले जाते. टेकूवर ४५० न्यूटन बल आहे असे धरा, म्हणजे ४५ किलोग्रॅमच्या मुलाने त्या आठ मिलिमीटरच्या दट्ट्यावर उभे राहावे तसे. दर चौरस मिलिमीटरवर ९ न्यूटन झाले, वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ नव्वद पट. एवढ्या दाबाखालीही तेलाचे आकारमान शेकडा सुमारे ०.६ नेच घटते. कोठी ३ मिलिमीटर उंच असेल, तर दट्ट्या ०.०१८ मिलिमीटर खाली जाईल. तेल खांबासारखे उभे राहिले आणि झडप मुकाट उघडली.

हे हाताने अनुभवायचे असेल, तर सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या. तिच्यात फक्त हवा भरून, तोंड बोटाने दाबून दट्ट्या ढकला. तो सहज आत जातो आणि सोडल्यावर परत येतो. मग पाणी भरून, एकही बुडबुडा राहू न देता तेच करा. दट्ट्या हलत नाही. शेवटी पाण्यात एक मोठा बुडबुडा ठेवून पाहा. दट्ट्या आधी लिबलिबीत लागतो. टॅपेटमध्ये नेमके हेच घडू शकते. कोठीतल्या तेलात शेकडा ५ भाग हवा असली, तर नव्वदपट दाबाखाली बॉइलच्या नियमानुसार ती जवळजवळ नाहीशी होते आणि दट्ट्या ०.१५ मिलिमीटर खचतो. झाली फट पुन्हा तयार! एंजिनात तेल कमी असले तर पंप हवा ओढतो, हे कोणालाही सुचेल. पण तेल प्रमाणाबाहेर भरले तरी भुजादंड ते घुसळून फेस करतो आणि टॅपेट वाजू लागतात. ‘जरा जास्तच टाका’ म्हणणाऱ्या ग्राहकाला हे पटवणे अवघड जाते.

ताठ कसे राहायचे हे कळले. पण आखूड कसे व्हायचे? दांडा वाढतो आहे, गोळी तेल परत सोडत नाही. मग तेल जाणार कोठून? या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो. पेला आणि दट्ट्या यांच्यामध्ये काही मायक्रॉन रुंदीची एक गोलाकार फट हेतुपुरस्सर ठेवलेली असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या फटीतून तेल गळते, पण ते चिकट असल्यामुळे फार सावकाश. फट ५ मायक्रॉन आणि तिची उंची १० मिलिमीटर धरून, गरम तेलाच्या श्यानतेवरून ठोकळ हिशेब केला, तर दट्ट्या सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर खचेल असे उत्तर येते. हे फार वाटेल. पण ३००० फेऱ्यांना झडप एका वेळी उघडी असते ती केवळ १३ सहस्रांश सेकंद! तेवढ्यात दट्ट्या ०.००६ मिलिमीटर खचतो, आणि कॅमचा गोल भाग येताच तेवढे तेल पुन्हा भरले जाते. एंजिन जागेवर ८०० फेऱ्यांनी चालत असताना झडप ५० सहस्रांश सेकंद उघडी राहते. तेव्हा गळती ०.०२ मिलिमीटरच्या आसपास.

उलट, दांड्याची मागणी किती आहे पाहा. एंजिन तापताना पाच मिनिटांत ०.१ मिलिमीटर आखूड व्हायचे आहे असे समजू. ८०० फेऱ्यांच्या वेगाने पाच मिनिटांत झडप २००० वेळा उघडते. दर खेपेला ०.००००५ मिलिमीटर आखूड झाले तरी काम भागते, आणि गळती तर त्याच्या चारशे पट आहे! ठोका जलद असतो, प्रसरण संथ. जलद बलाला चिकट तेल दाद देत नाही, संथ बलाला वाट देते. परस्परविरोधी वाटणाऱ्या मागण्या वेळेच्या मापात वेगळ्या होत्या, आणि तेलाने त्या बिनचूक ओळखल्या. हे माप जपणे मात्र सोपे नाही. फटीतून जाणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणून पेला आणि दट्ट्या यांच्या जोड्या कारखान्यात निवडून जुळवाव्या लागतात, आणि म्हणूनच या एंजिनांना स्वच्छ व नेमून दिलेले तेल लागते. गोळीखाली एक कण अडकला, तरी सारा डोलारा कोसळतो.

सकाळी गाडी सुरू केल्यावर चार-पाच सेकंद टिकटिक होऊन ती आपोआप थांबते, याचेही कारण आता तुम्हीच सांगाल. रात्री एंजिन थांबले तेव्हा एखादी झडप उघड्या स्थितीत राहिली होती. तिच्या स्प्रिंगने रात्रभर दट्ट्या दाबून तेल बाहेर काढले. पंपाने तेल पोचवले, की खांब पुन्हा उभा राहतो. टिकटिक थांबलीच नाही, तर मात्र तेलाची पातळी पाहावी.

अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९३० साली आणलेल्या सोळा सिलिंडरांच्या मोटारीत झडपांचा आवाज बंद करण्यासाठी अशी तेलाची योजना केली होती. आपल्याकडे २०२० पर्यंत अनेक मोटारींत बसवल्या जाणाऱ्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल एंजिनात वर वर्णिलेली तरफ आणि तेलाचा टेकू दोन्ही होते. पुण्याजवळ रांजणगावलाही हे एंजिन बनत असे. बुलेटची गोष्ट आणखी मजेची. लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटमध्ये टॅपेट थंड एंजिनावर लावतात, आणि तेही फट न ठेवता: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. कारण तेथे गरम झाल्यावर फट कमी होण्याऐवजी वाढते. सिलिंडर आणि डोके मिळून पुशरॉडपेक्षा जास्त लांबतात. २००९ साली आलेल्या क्लासिकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले आणि हा खटाटोप संपला.

मग सगळ्याच एंजिनांत ते का नसतात? किंमत हे एक कारण. शिवाय मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरणाऱ्या एंजिनात झडपेची स्प्रिंग कॅमच्या वेगाला पुरी पडली नाही, की साखळीत क्षणभर खरीखुरी फट पडते. बिचारा दट्ट्या आपले काम चोख करतो, ती फट भरून टाकतो, आणि त्यामुळे झडप नंतर पूर्ण मिटतच नाही! म्हणून अतिवेगवान मोटारसायकलींत अजूनही पोलादाच्या मोजून निवडलेल्या चकत्या घालून फट ठरवतात. बुलेटच्या घराण्यातही २०२० साली मेटिऑर आली तिच्यात कॅम वर डोक्यात गेला, आणि झडपांची फट पुन्हा स्क्रूने लावायची पद्धत आली. तिच्या मेकॅनिकला फिलर गेज पुन्हा हाताशी ठेवावे लागते.