लाल फेट्यांची पंगत

थायरॉईडची तपासणी आता घरोघरी ठाऊक झाली आहे. सकाळी रक्त द्यायचे, संध्याकाळी कागद आणायचा. त्यावर 'टी-४', म्हणजे थायरॉक्झिन, शंभर मिलिलिटरमागे अमुक मायक्रोग्रॅम असा आकडा असतो. निरोगी माणसात तो साधारण ५ ते १२. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! ही चिमूट मोजतात तरी कशी?

त्याचे मूळ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात आहे. पदार्थविज्ञानाच्या रोझलिन यालो आणि डॉक्टर सॉलोमन बर्सन यांनी १९५० साली तिथे एकत्र काम सुरू केले. किरणोत्सर्गी आयोडीनची खूण केलेले इन्सुलिन टोचून ते किती वेळ रक्तात राहते, हे ते पाहत होते. पूर्वी इन्सुलिन घेतलेल्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळले. शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार केली होती आणि ती त्याला धरून ठेवत होती. एवढ्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडे? तज्ज्ञांना पटेना. लेख परत आला. शीर्षकातून 'प्रतिपिंड' हा शब्द काढल्यावरच तो १९५६ मध्ये छापला गेला.

या धरून ठेवण्यातूनच मोजमापाची युक्ती निघाली. समजा, पंगतीला शंभर पाट आहेत. लाल फेट्याची आपली माणसे शंभर. पाहुणे किती, ते माहीत नाही. सगळ्यांना एकदम बसू दिले आणि पाटांवर लाल फेटे पन्नासच दिसले, तर पाहुणेही शंभरच आले असणार. पाट म्हणजे प्रतिपिंडे, लाल फेटेवाले म्हणजे खुणेचे हार्मोन आणि पाहुणे म्हणजे रुग्णाच्या रक्तातले हार्मोन. पाहुणे न मोजता फेटे मोजायचे! बँकेत हयात गेलेल्या मला हा हिशोब फार आवडला.

थायरॉक्झिन किंवा स्टेरॉईड हार्मोन तर इन्सुलिनहून कितीतरी लहान. एकटे असले तर शरीर त्यांची दखलच घेत नाही. पण मोठ्या प्रथिनाला चिकटवून प्राण्याला टोचले की प्रतिपिंडे तयार होतात. हे तत्त्व कार्ल लँडस्टायनर यांनी आधीच दाखवले होते. १९५७ मध्ये अर्लँगर, लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ते स्टेरॉईडांना लावले. एवढ्याशा रेणूला दोन प्रतिपिंडांनी दोन बाजूंनी एकदम पकडणे कठीण. म्हणून तिथे पंगतीचीच पद्धत टिकली. आज खूण बहुधा किरणोत्सर्गाऐवजी प्रकाशाची असते, एवढेच.

तरीही पंगतीत घोटाळा होऊ शकतो. काही तपासण्यांत बायोटिन जोडणीसाठी वापरतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्याचा टी-४ तिथे खोटाच वाढलेला दिसतो. रक्त देण्यापूर्वी गोळ्यांची माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी.

यालो-बर्सन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले. १९७७ मध्ये यालोबाईंना नोबेल मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात ते जुने नकाराचे पत्रही दाखवले. पद्धत मात्र त्यांनी जगाला फुकट दिली होती. आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबपर्यंत ती पोचली, त्यात या औदार्याचाही वाटा आहे.