गाव उठले, ओवी कोठे राहिली?

मराठवाड्याची कविता बहुधा गाव सोडल्यानंतर लिहिली गेली आहे. हिंगोली जिल्ह्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव परभणीत मराठीचे प्राध्यापक झाले. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘दूर राहिला गाव’ असे आहे. सासवडच्या साहित्य संमेलनाचे (2014) अध्यक्षपद भूषविणारे रूपूरचे फ. मुं. शिंदे महाराष्ट्रभर ओळखले जातात ते ‘आई’ या कवितेने. नांगरामागे चालणाऱ्याच्या पायाला ढेकूळ बोचते. त्याच ढेकळाचा वास त्याला येऊ लागतो तो नोकरीच्या गावी गेल्यावर. पुढे वय वाढते, आईवडील जातात, वाटण्या होतात आणि जे रोज डोळ्यांसमोर असताना दिसले नव्हते ते दिसू लागते. कवितेला अंतर लागते, ते असे.

परंतु हे अंतर केवळ शिकून बाहेर पडलेल्या पुरुषांनाच लाभले, असे समजण्याचे कारण नाही. जात्यावर बसणाऱ्या बाईला ते लग्नानेच मिळे, आणि तेही कोवळ्या वयात. तिच्या ओवीतील आई, बंधू, माहेरची वाट, दारातील तुळस ही सारी सामग्री आठवणीचीच. ही कविता वयाबरोबर बदलत जाते, याकडे मात्र अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. नवी सून माहेर आठवते ते परत जाण्याच्या आशेने. तीच बाई स्वतः सासू झाली, आई निवर्तली आणि माहेरच्या उंबऱ्यावर भावजय उभी राहिली, की ओवी निराळी होते. दार तेच, पण आत हक्काने शिरता येत नाही. असे पोरकेपण ज्या कवितेत उतरते, तिला केवळ ‘लोकगीत’ म्हणून ओळींची मोजदाद करणे हा तिच्या कर्त्रीवर अन्यायच होय.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंड सिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून गावोगावच्या बायांना सोबत घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायिलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या याच संग्रहात आहेत. सीतेचे दुःख म्हणजे ज्या बाईला परत जायला घर नाही तिचे दुःख, हे मराठवाड्यातील बाईला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

लातूरच्या दक्षिणेकडील गावांवर मात्र एका रात्रीत असा प्रसंग आला, की ज्याला ओवीत जागाच नव्हती. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपली असताना, किल्लारी परिसर हादरला. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद यांनीच घरातील माणसे गाडली. ज्या माळवदावर पापड वाळले, उन्हाळ्याच्या रात्री पोरे निजली, तेच अंगावर आले. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसविण्यात आली. घरे जमीनधारणेनुसार अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. पुनर्वसनाचे काम मोठे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि, सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांना जुन्या गल्लीचे वळण नव्हते आणि शेजार पूर्वीचा उरला नव्हता.

या भागातील सोयरिकी बहुधा पंचक्रोशीतच होत. त्यामुळे अनेक बायांचे सासर आणि माहेर एकाच पहाटे जमीनदोस्त झाले. आजवर बाई घरापासून दूर जात असे आणि घर आपल्या जागी असे. येथे बाई राहिली आणि घरच गेले. आठवणीला टेकायला उंबरा नाही, ज्याच्यावर रुसावे तो भाऊ नाही. शिवाय पिठाच्या गिरणीने जात्याचे काम कधीच हिरावून घेतले होते. हाताला काम नाही आणि आठवणीला ठिकाण नाही, अशा अवस्थेत ओवी सुचते का? की दुःख फार मोठे झाले म्हणजे ती मुकी होते? याचे उत्तर ग्रंथालयात मिळणार नाही. ते ज्यांच्यापाशी आहे, त्या बाया त्या वेळी तिशीत असल्या तर आज साठी ओलांडून गेल्या आहेत. त्या वेळी पन्नाशीत असलेल्यांपैकी किती उरल्या असतील, याचा अंदाज कोणासही करता येईल.

2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि लातूर जिल्ह्याच्या वाङ्मयीन परंपरेचा यथोचित गौरव झाला. तो गौरव कागदावर लिहिणाऱ्यांपुरता राहू नये. भूकंपानंतरच्याच वर्षी, 1994 मध्ये, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले; लातुरात त्याचे उपकेंद्र आहे, जिल्ह्यात महाविद्यालये आहेत आणि मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आज ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल आहे. एका उन्हाळी सुटीत होण्याजोगे हे काम आहे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचेही कारण नाही. फक्त विचारण्याची रीत सांभाळावी. साठीच्या बाईला ‘ओवी म्हणा’ म्हटले तर ती पदर तोंडाला लावून हसेल आणि ‘आता कुठं येतंय ते’ म्हणून उठून जाईल. तिला इतकेच विचारावे, की जुन्या गावातल्या घरात जाते कोणत्या कोपऱ्यात होते, आणि तेथून काय दिसत असे.